आईचा खुबा मोडला तेव्हा : ऑपरेशनच्या आधी, वॉर्डात आणि घरी

वर्षावास चालू होता. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. सकाळी आमची आई विहिरीवरून कळशी घेऊन येताना पाखाडीवर घसरली. चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरले होते. शेजाऱ्यांनी उचलून पडवीत आणली. आई म्हणाली, "काय नाय झाला, मुका मार हाय." आम्हीही तेच मानले. तेल गरम करून चोळले, पाय ओढून पाहिला, गरम पाण्याने शेकले. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या आशाताईने पाहिले आणि एका नजरेत सांगितले, "पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या अंगाला पडलंय. हा खुबा मोडलेला आहे. आत्ताच्या आत्ता न्या."

आमची पहिली चूक ती. यातून आम्ही तिघे भावंडे जे शिकलो ते या पानावर मांडत आहोत. घरोघरी म्हातारी माणसे आहेत, पाखाड्या आहेत आणि पाऊस दरवर्षी येतो.

पडल्यावर पहिले काय करावे

वयस्क माणूस पडले आणि त्याला उभे राहता येत नसेल, पाय उचलता येत नसेल, जांघेत किंवा खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हाड मोडले आहे असेच धरून चालावे. अशा वेळी चोळू नये, ओढू नये, शेकू नये. माणसाला सपाट झोपवावे, दोन पायांच्या मध्ये उशी किंवा घडी घातलेले गोधडे ठेवावे, दोन्ही पाय पंच्याने सैलसर एकत्र बांधावे आणि 108 ला फोन करावा. वाडीपर्यंत रस्ता नसेल तर फळीवर किंवा दारावर आडवे ठेवून चौघांनी उचलावे, बसवून नेऊ नये.

घाई का करायची? म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड प्लास्टर घालून जुळत नाही. बहुतेकांना ऑपरेशन लागते, आणि ते एक-दोन दिवसांत झालेले बरे. जितके दिवस माणूस अंथरुणाला खिळून राहते तितका छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. मोडक्या हाडापेक्षा या पडून राहण्यानेच माणसे जास्त दगावतात. "आता या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू दे" असे म्हणणारे भेटतील. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण पडून राहणे हाच मोठा धोका आहे. रोगी खरोखरच ऑपरेशन सोसण्यासारखे नसेल तर ते डॉक्टरांनी तपासून सांगावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

मुंबईला कळवा, लगेच कळवा

आमचा मोठा भाऊ मुंबईला. "उगाच घोर नको" म्हणून आम्ही त्याला दोन दिवस कळवलेच नाही. हेही चुकले. बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. मंडणगडातल्या आंबडवे या मूळ गावचे रामजी सुभेदार 1913 साली मुंबईत आजारी पडले. तरुण भीमराव बडोद्याहून निघाले, वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. पोचायला उशीर झाला. 2 फेब्रुवारीला रामजीबाबा गेले. तेव्हा तारेचा जमाना होता. आज हातात फोन असून आपण लपवतो. चाकरमानी लेकाला पहिल्या तासात कळवावे. तो येईपर्यंत त्याचे कामही ठरवून द्यावे : कागदपत्रे शोधणे, योजनेला फोन करणे, पैशांची जुळणी.

पैशाची गोष्ट : आधी विचारा, मग गहाण टाका

घाबरून आम्ही त्याच संध्याकाळी व्याजाने पैसे काढायला निघालो होतो. वाटेत एका जाणत्याने अडवले : "आधी आरोग्यमित्राला भेटा." त्याचे ऐकले म्हणून कर्ज टळले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे, कार्ड कोणत्याही रंगाचे असो. कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. तिथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवायचे. कोणते ऑपरेशन योजनेत बसते, ते इथे होते की दुसरीकडे जावे लागेल, हे तो यादी पाहून सांगतो. मंजुरी आल्यावर ऑपरेशन, हाडात बसवायचे सामान, औषधे, रोग्याचे जेवण हे सारे त्यात येते. घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधेही येतात. योजनेचा मोफत फोन क्रमांक 155388 किंवा 1800 233 2200.

आईवडील 70 वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतील तर 2024 पासून त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारकार्ड लागते. हे कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावे.

इथे एक खाचखळगा आहे. आईचे नाव कोणत्या रेशनकार्डावर आहे ते आजच पाहा. आमच्याकडे ते भावाच्या मुंबईच्या कार्डावर होते आणि आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे होते. कार्डाचा फोटो मागवून, समजावून सांगून काम झाले, पण अर्धा दिवस गेला. ऐन वेळी असा अर्धा दिवस फार मोठा वाटतो.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात जायची वेळ आली तर आणखी एक कायदा लक्षात ठेवा. अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ हवा. आणि खासगी रुग्णालय असेल तर रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणे 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे. खर्चाचा अंदाज मागणे, तपशीलवार बिल मागणे, केसपेपरच्या प्रती मागणे हा आपला हक्क आहे. मागताना आवाज चढवायची गरज नाही, पण मान खाली घालायचीही नाही.

योजना असली तरी हातखर्च राहतोच : सोबत राहणाऱ्याचे जेवण, येण्याजाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी. दापोली-मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी म्हणजे अख्खा दिवस. त्यामुळे दापोली, कळंबणी, कामथे यांपैकी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात हे ऑपरेशन होते का, ते आधी विचारावे. होत नसेल तर रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय किंवा सावर्ड्याजवळचे डेरवण. रस्त्यावर फिरण्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो.

डॉक्टरांना काय सांगायचे, काय विचारायचे

एका वहीत लिहून ठेवा. घाबरलेल्या डोक्यात काही राहत नाही.

सांगायच्या गोष्टी : बीपी, साखर, दमा, हृदयाचा त्रास आहे का. कोणत्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी. शक्यतो सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. आधीचे ऑपरेशन, कशाची ॲलर्जी. आणि जे सांगायला आपण लाजतो ते : मिश्री, तंबाखू, विडी, दारू. वडील रोज घेणारे असतील तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, माणूस भ्रमात जाते, फिट येऊ शकते. आधी कळले तर त्यावर औषध देता येते. डॉक्टर पंच म्हणून बसलेले नसतात, त्यांच्यापाशी लपवू नये.

विचारायच्या गोष्टी : कोणते ऑपरेशन, कोणत्या बाजूचे? सळई बसवणार की सांध्याचा गोळा बदलणार? भूल कशी देणार? रक्त लागेल का, किती पिशव्या? बसवायचे कधी, उभे करायचे कधी? संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्याआधी ते मराठीत वाचून घ्या. समजले नाही तर "परत सांगा, डॉक्टर" म्हणा. आणि रोगी शुद्धीवर असेल तर हे सगळे रोग्यासमोर बोला. पाय तिचा आहे, निर्णयही आधी तिचा आहे. आमच्या आईने सही शिकली होती प्रौढ वर्गात. संमतीपत्रावर तिने स्वतः सही केली, थरथरत्या हाताने, पण पूर्ण नाव.

रक्ताची वेळ आली तर वाडीतल्या पोरांनी मागे सरू नये. 18 ते 65 वयाचे, निदान 45 किलो वजनाचे, हिमोग्लोबिन 12.5 असलेले निरोगी माणूस रक्त देऊ शकते. पुरुष तीन महिन्यांनी, स्त्री चार महिन्यांनी पुन्हा देऊ शकते. अशक्तपणा कायमचा येतो हा समज खोटा आहे.

चहाचा एक घोट

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "घसा सुकलाय, वायच च्या दे." बहिणीला दया आली, तिने अर्धा कप दिला. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. सिस्टर रागावल्या, तेव्हा आम्हाला राग आला. कारण कळल्यावर राग गेला.

भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. ते फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. म्हणून ऑपरेशनआधी साधारण 6 तास अन्न बंद ठेवतात. दुधाचा चहा हा पोटाच्या हिशेबात अन्नच आहे. नुसते पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत चालते, पण तेही डॉक्टर सांगतील तेव्हाच. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची की नाही, साखरेची बंद ठेवायची का, हे विचारून घ्या. चुकून काही खाल्ले-प्याले असेल तर लपवू नका. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलेले परवडले.

कवळी, बांगड्या, कानातले काढून घरच्या एकाच माणसाकडे द्या. आणि आईला आधी सांगून ठेवा : कंबरेखालचा भाग बधिर करतात, जाग असते, ठोकाठोकीचे आवाज कानी येतात, दुखत नाही. आमच्या आईला हे भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते म्हणून ती धीराने राहिली.

दुसऱ्या रात्रीचा भ्रम

ऑपरेशन नीट झाले. दुसऱ्या रात्री आई बदलली. कोपऱ्यात कोणी उभे आहे म्हणाली. वारलेल्या मावशीशी बोलायला लागली. सलाइनची नळी ओढली, बहिणीला ओळखेना. शेजारच्या खाटेवरची बाई हळूच म्हणाली, "बाहेरचं दिसतंय, कुणाला तरी दाखवा." खरे सांगायचे तर त्या रात्री आमचेही मन डळमळले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसे आम्ही, तरी रात्री दोन वाजता एकाने विचारलेच, "बघायचं का कुणाला?"

नाही. ही बाधा नाही. ऑपरेशननंतर वयस्क माणसांना असा भ्रम पुष्कळदा होतो, आणि त्याला शरीरातले कारण असते : ताप किंवा जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ कमी होणे, साखर वरखाली होणे, प्राणवायू कमी पडणे, लघवी तुंबणे, शौचाला न होणे, दुखणे, नवीन औषध, झोपमोड. लगेच सिस्टरला सांगावे. "कालपर्यंत आई नीट बोलत होती, आज बरळतेय" हे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण आई रोज कशी असते हे डॉक्टरांना ठाऊक नसते. आमच्या आईच्या तपासणीत रक्तातले सोडियम कमी निघाले. उपचार झाले आणि तीन दिवसांत ती ताळ्यावर आली.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे? ओळखीचे एकच माणूस जवळ ठेवावे. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र घालून द्यावे. "आये, आज बुधवार, तू दवाखान्यात हायस, पायाचं ऑपरेशन झालंय, मी धाकटी" असे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे. दिवसा उजेडात बसवावे, रात्री गडबड कमी करावी. वाद घालू नये, हसू नये, दोरीने बांधू नये. उतारा, अंगारा, गंडा यात वेळ घालवला तर खरे कारण वाढत जाते.

सेवा कोणी करायची

विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचताना आजारी भिक्खूचा प्रसंग येतो. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता, कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. विनयपिटकातल्या महावग्गात त्यापुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. ते आजच्या वॉर्डातही जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला, औषधाची व्यवस्था लावता येणे. वहीत वेळ लिहा, दिलेल्या गोळीपुढे खूण करा, पाळी बदलताना वही पुढच्याच्या हाती द्या.

दुसरा, काय सोसते आणि काय सोसत नाही हे ओळखणे. आपल्याकडे मासे, अंडी, डाळ खाल्ली की जखम पिकते म्हणतात. ते खरे नाही. जखम भरायला प्रथिनेच लागतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंडे, मासे, डाळ, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, पालेभाजी द्यावी. नुसत्या पेजेवर माणूस उभे राहत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला कडक होते, म्हणून पाणी आणि फळे हवीत.

तिसरा, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे. घर कोणाच्या नावावर, दागिना कोणाला, हे विषय खाटेपाशी काढू नयेत.

चौथा, मलमूत्राची किळस न करणे. इथे पुरुषांनी ऐकावे. भांडे देणे, पुसणे, कपडे बदलणे हे लेकीने-सुनेनेच करायचे असे आपण गृहीत धरतो. ज्या हातांनी बुद्धांनी त्या भिक्खूला धुतले ते हात पुरुषाचेच होते. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला राहू देत नाहीत हे खरे, पण दिवसाची पाळी, कपडे धुणे, डबा आणणे आणि घरी आल्यावरची सगळी कामे लेकाला करता येतात. आमच्याकडे पहिले चार दिवस एकटी बहीण जागी होती. पाचव्या दिवशी तिलाच ताप भरला, तेव्हा आम्हाला पाळ्या लावायचे सुचले. पाळ्या पहिल्या दिवशीच लावा.

पाचवा, धीर वाटेल असे बोलणे. आईला वंदना म्हणायला आवडते, वाडीतल्या बातम्या ऐकायला आवडतात. "तू पडलीस म्हणून किती खर्च झाला" हे तिला ऐकवू नये. ते ती रात्रभर मनात घोळवते आणि दुखते ते सांगायचे सोडून देते.

रोग्यानेही काही सांभाळायचे असते, तेही तिथे सांगितले आहे : औषध घेणे, पथ्य आणि प्रमाण पाळणे, दुखणे खरेखरे सांगणे, कळ सोसण्याचा प्रयत्न करणे. आमची आई "बरा हाय" एवढेच म्हणायची. सिस्टरनी तिला शून्य ते दहा आकड्यांत दुखणे सांगायला शिकवले, तेव्हा कळले की सात आहे.

वॉर्डातली रोजची कामे

- पडून असताना दर दोन तासांनी कूस बदलावी. कशी, ते सिस्टरकडून शिकून घ्यावे. टाचा, माकडहाड रोज पाहावे. लाली दिसली की सांगावे.
- तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र दिले असेल तर जागेपणी तासातासाला ओढायला लावावे. पावले खालीवर हलवायला लावावीत.
- लघवीची पिशवी नेहमी खाटेच्या खाली लटकलेली असावी, जमिनीला टेकू नये.
- डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या दिवसापासून बसवतात, मग वॉकरने उभे करतात. आई रडली, "नको" म्हणाली. तरी फिजिओथेरपिस्टना थांबवू नका. औषधाइतकेच हे चालणे गरजेचे आहे. दुखण्याची गोळी त्याआधी अर्ध्या तासाने द्यावी का, विचारून घ्या.
- खाटेशी येणाऱ्या प्रत्येकाने हात धुवावेत. गावाहून जीप भरून भेटायला येऊ नये. भेटायला येणाऱ्यातल्या एकाने एक रात्र थांबावे, ती खरी मदत.

घरी आणल्यावर

सोडताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या : टाके कधी काढायचे, पायावर किती भार द्यायचा, कोणत्या गोळ्या किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचे. हाड साध्या पडण्याने मोडले म्हणजे ते आधीच ठिसूळ झालेले असते. त्याच्या तपासणीबद्दल आणि औषधाबद्दलही विचारा. मोतीबिंदू असेल तर त्याची वेळ ठरवा.

उकिडवे बसणे, मांडी घालणे, जमिनीवर झोपणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. गोळा बदलला असेल तर पाट किंवा बुटक्या स्टुलावर बसवू नये, पाय एकमेकांवर टाकू देऊ नयेत, नाहीतर सांधा निखळतो. खाट उंच हवी. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणावी. पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची मध्ये कापून वापरू नये, ओल्या लादीवर तिचे पाय फाकतात. आम्ही ती आणली होती, फिजिओथेरपिस्टनी फेकायला लावली. संडासापर्यंत रात्रभर दिवा, भिंतीला पकडायला पाइप, वाटेत गोणपाट नाही.

पुढील काही दिसले तर थांबू नये :
- एकाएकी दम लागणे, छातीत दुखणे : लगेच 108.
- एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणे.
- ताप, जखमेतून पू, वास, वाढती लाली.
- पाय पुन्हा आखूड होणे, भार अजिबात न देता येणे.
- लघवी बंद होणे, पुन्हा बरळणे, खाणे सोडणे.

वाडीने काय करावे

आई अश्विन पौर्णिमेला वॉकर धरून विहारात आली. पायरीवर दोघांनी धरले. अजून काठीशिवाय चालत नाही, विहिरीवर जात नाही, आणि त्याचा तिला राग येतो. पूर्वीसारखे सगळे झाले असे आम्ही म्हणणार नाही.

वाडीच्या मंडळाने त्यानंतर तीन गोष्टी केल्या. पावसाळ्याआधी एक रविवार श्रमदान करून पाखाडी खरवडायची, ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ काढायचे आणि एका बाजूला पाइपचा कठडा लावायचा, असे ठरले. साठीच्या पुढच्या सगळ्यांची रेशनकार्डे आणि आधारकार्डे एका बैठकीत तपासली, त्यात पाच जणांची नावे जुळत नव्हती. आणि वर्गणीतून एक वॉकर आणि एक कमोड खुर्ची घेऊन विहारात ठेवली. ज्याला लागेल त्याने न्यायची, काम झाले की धुऊन परत आणायची.

या महिन्यात ती खुर्ची आमच्या खालच्या घरी आहे. तिथले आबा पडले. पडल्यापासून दोन तासांत त्यांना दवाखान्यात नेले होते.

जय भीम. नमो बुद्धाय.